वस्त्रगाळ

सोमवारी पहाटे, कोंबड्याच्याही आधी,
मी दारोदार फिरते झाकणाच्या बाटल्या घेऊन.
उठल्याउठल्याची हवी. पहिल्या धारेची नको, मधली.
बायका टॉवेलाखाली लपवून आणतात,
पुरुष निरफणसाच्या झाडामागून हाक मारतात,
"लोसा, घे गं, अजून कोमट आहे."
मला लाज उरलेली नाही. लाज राखून
या बेटावर कुणाचं मूत्रपिंड वाचलेलं मी पाहिलं नाही.

बाबांची बाटली शेवटची.
चर्चमध्ये पन्नास गळे एका सुरात आणणारे मानासे मास्तर
सतरा वर्षं स्वतःच्या साखरेकडे कानाडोळा करून आहेत.
गोळी घेतात, आठवली तर.
बाटली उंबऱ्यावर, वर नाव, वळणदार अक्षरात.

दवाखान्यात पट्टी बुडवली.
अल्ब्युमिन नाही. साखर नाही. काही म्हणजे काहीच नाही.
आमच्या टाकीतलं पावसाचं पाणीसुद्धा एवढं निर्दोष नसतं.
मी हसले. मग आठवलं:
सात वर्षांच्या तानिएलाला काल रात्री
दोन शहाळी पाजून झोपवलं होतं त्यांनी.

संध्याकाळी ते कावा गाळत होते.
फाउच्या सालीची जुडी पाण्यात फिरवायची,
चोथा धरायचा, पिळायचा, झटकायचा, पुन्हा.
मी नातवाचं नाव काढलं नाही.
एवढंच विचारलं, "जुडी जुनी झाली हे कसं कळतं?"
"रंगावरून नाही कळत," ते म्हणाले.
"वाडग्यात काही दिसत नाही.
जिभेला लागते बारीक कच.
पण तोवर सगळ्यांनी प्यालेलं असतं."
आणि गप्प झाले. हात पाण्यातच.

तेव्हा सेइनी आत्या आमच्या मध्ये येऊन बसली,
गेलेली माणसं बसतात तशी, न विचारता.
तिच्या लघवीला फेस यायचा.
ती म्हणायची, भांड्याला साबण राहिला असेल.
मग पाय सुजले. मग ऑकलंड.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राशेजारी,
खिडकीबाहेर ओळखीचं एक झाड नाही.
फोनवर विचारायची, यंदा सुरण कसा आलाय?
विमानानं परत आली. सामानाबरोबर.

मंगळवारी दारावर टकटक.
बाटली त्यांच्याच हातात, नावाशिवाय.
"ही माझी."
उजेडात धरली. नितळ. ना फेस, ना गढूळपणा.
डोळ्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते,
जा, पोहायला जा.
यंत्रानं आकडा काढला: एकेचाळीस.
तिसाच्या आत हवा होता.

रक्तात राहायचं ते इवलंसं प्रथिन
गाळणीतून निसटून घराबाहेर पडू लागलंय
चिठ्ठी न ठेवता...
नाही, चुकले. तेच चिठ्ठी.

दूरच्या विद्यापीठातले लोक आणखी एक कुपी मागतात,
गोठवून, बर्फाच्या डब्यात.
अल्ब्युमिनच्याही आधी पाय काढणारी
दुसरी प्रथिनं शोधताहेत म्हणे.
मी पाठवते. बोट उशिरा आली
तर बर्फ वितळतो, आणि तेवढा शोधही.

"एकदा वर गेला म्हणजे संपलं असं नाही," मी सांगितलं.
"ताप असेल, दगदग असेल. तीन महिन्यांत तीनदा बघायचं,
दोनदा वर आला तरच खरं."
त्यांनी बोटांवर मोजलं, ताल धरावा तसं.
रात्री मिठाची वाटी सरकवली, मासा अळणी खाल्ला,
तोंड वाकडं करून, माझ्याकडे बघत,
जणू मीच तो पकडला होता.

सहा आठवडे झाले. दुसरी बाटली उद्या.
आज संध्याकाळीच त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली आहे,
रिकामी, उपडी, पाणी निथळतंय.
धुऊ नका म्हटलं होतं मी.
साबणानं धुतली आहे.
दुसरी देईन.